पॅथी म्हणजे पंथ नव्हे. नागीण मात्र सापाचीच

प्रश्न अमळनेरहून आला आहे. विचारणारे बँकेच्या परीक्षेची तयारी करतात. क्लासमध्ये त्यांना ग्रीक-लॅटिन ‘रूट्स’ची छापील यादी मिळाली. तीत ‘पॅथ = पथ, मार्ग; म्हणून होमिओपॅथी = समान मार्ग’ अशी एक ओळ आहे आणि ‘पेड = पाय’ अशी दुसरी. हे बरोबर आहे का, आणि अशी यादी घोकून इंग्रजी शब्द वाढतात का, असं त्यांनी विचारलंय.

पहिली ओळ साफ चूक, दुसरी अर्धी. घोकण्याचं नंतर बघू, कारण या ‘पॅथी’नं कान किटलेत. ‘तुमची कुठली पॅथी?’, ‘आम्ही आयुर्वेदिक पॅथीवाले’, आणि आता वर ‘मिक्सोपॅथी’, म्हणजे दोन पॅथींची सरमिसळ. ग्रीक ‘पाथॉस’ म्हणजे जे भोगावं लागतं ते: दुःख, व्याधी, भावनेचा उमाळा. पॅथॉलॉजी म्हणजे व्याधींचं शास्त्र, मार्गांचं नव्हे. तेव्हा ‘आयुर्वेदिक पॅथी’चा सरळ अर्थ ‘आयुर्वेदिक आजार’ असा होतो, हे वैद्यबुवांना कुणीतरी सांगायला हवं.

शब्दाच्या शेपटीला ‘पॅथी’ आलं की तीन शक्यता असतात. सिंपथी, अँटिपथी, ॲपथी, टेलिपथी यांत भावना. न्यूरोपथी, रेटिनोपथी यांत आजार. साखरेच्या रुग्णाला हे दोन्ही शब्द तोंडपाठ असतात. तिसरा अर्थ ‘उपचारपद्धती’. तो अपघातानं चिकटला आणि अपघात घडवला होमिओपॅथीचे जनक हानेमान यांनी. निरोगी माणसात जो त्रास एखादं औषध निर्माण करतं, तसाच त्रास असलेल्या रुग्णाला ते द्यावं, हा त्यांचा सिद्धांत. म्हणून ‘होमॉइऑस’ म्हणजे सारखा आणि ‘पाथॉस’ म्हणजे त्रास, असा शब्द त्यांनी जुळवला, साल १८०७. त्यांच्या दृष्टीनं बाकीचे वैद्य वेगळाच त्रास उत्पन्न करणारी औषधं देत, म्हणून ‘ॲलॉस’ म्हणजे दुसरा, आणि ॲलोपॅथी. म्हणजे हे नाव त्या डॉक्टरांनी स्वतःला घेतलेलं नाही, विरोधकानं चिकटवलेलं आहे. पुढच्यांना वाटलं, ‘पॅथी’ म्हणजे औषधोपचार. मग नॅचरोपॅथी आली. तिच्यात तर लॅटिन धड आणि ग्रीक शेपूट. शब्दशः ‘निसर्गाचा आजार’.

मग आपल्या पथाचं, पंथाचं काय? त्याचा लॅटिन भाऊबंद आहे ‘पॉन्स’, म्हणजे पूल, षष्ठीत ‘पॉन्टिस’. कुंभमेळ्याच्या बातम्यांत नदीवर जो ‘पाँटून पूल’ टाकतात तो हाच. होमिओपॅथीशी पंथाचा काडीचा संबंध नाही, तरंगत्या पुलाशी मात्र रक्ताचं नातं आहे.

यावर कुणी म्हणेल, पण इंग्रजीत ‘पाथ’ म्हणजे वाट आहेच की! आहे. पण संस्कृतात शब्दारंभी ‘प’ असेल तर इंग्रजीच्या खानदानी शब्दात ‘फ’ यावा लागतो: पितृ–फादर, पाद–फूट, पंच–फाइव्ह. पशु–फी सुद्धा. क्लासला भरता त्या फीच्या मुळाशी गुरंढोरं आहेत. या हिशेबानं पथाचा इंग्रजी भाऊ ‘फ’नं सुरू व्हायला हवा. तो ‘प’नंच उभा आहे म्हणजे एक तर तो बाहेरून उसना आला, इराणी भाषेतून आला असावा असाही तर्क आहे, नाही तर संबंधच नाही. दोन शब्द जितके हुबेहूब दिसतात तितका संशय जास्त घ्यावा. ग्रीक ‘थिऑस’ आणि लॅटिन ‘देउस’ दोन्ही देव; आपला ‘देव’ देउसचा सख्खा, थिऑसचा कुणीच नाही. ‘सायकोसोमॅटिक’मधला ‘सोमा’ म्हणजे शरीर. सोमवाराशी त्याचं देणंघेणं नाही.

आता खरी गंमत. ती तुमच्या यादीत असणार नाही.

होमिओपॅथीतला ‘होमो’ म्हणजे आपला ‘सम’. ‘स’ गेला कुठे? शब्दारंभी ‘स’ आणि पुढे स्वर असला की जुन्या ग्रीकात त्या ‘स’चा ‘ह’ झाला. लॅटिनमध्ये तो तसाच राहिला. सप्त, लॅटिन सेप्टेम, ग्रीक हेप्टा. षट्, लॅटिन सेक्स, ग्रीक हेक्स. म्हणून षट्कोन तो हेक्सॅगॉन. सुप्त घ्या, ग्रीक हिप्नॉस म्हणजे झोप, त्यावरून हिप्नॉटिझम. संस्कृतात ‘सामि’ म्हणजे अर्धा. पाणिनीनं त्यासाठी सूत्र दिलंय. लॅटिनमध्ये तो सेमी, ग्रीकमध्ये हेमी. सेमीफायनल, हेमिस्फिअर आणि सामिभुक्त, म्हणजे ताटात अर्धवट टाकलेलं, एकाच घरचे.

खानदेशी माणसाला हा नियम घोकावा लागत नाही. भुसावळहून सुरतेच्या गाडीत बसा. नवापूर ओलांडलं की डब्यात सुरती बोलणी सुरू होतात: सातचं ‘हात’, साचुंचं ‘हाचुं’, सापाचं ‘हाप’. पश्चिम खानदेशातल्या काही भिल्ली बोलींतही ‘स’ असाच विरघळतो. शुद्धतेचा तोरा मिरवणारे याला हसतात. हेप्टाला मात्र हसत नाहीत. इराणी भाषांनीही स्वतंत्रपणे हेच केलं. सप्तचं हफ्त झालं, त्यावरून आठवडा म्हणजे हफ्ता. गावात बसतो तो सप्ताह आणि बँकेत भरतो तो हप्ता, मुळात सातच दिवस. ‘हप्ता’ हा सप्ताहाचा मराठी अपभ्रंश असं ठासून लिहिणारे आहेत. त्यांनी मराठीत शब्दारंभीच्या ‘स’चा ‘ह’ झालेले आणखी चार घरगुती शब्द दाखवावेत. सातचं आपण हात केलं नाही, सापाचं हाप केलं नाही, मग एकट्या सप्ताहावरच कुणाची वक्रदृष्टी? तो फारसीतून आला आणि कर्जाबरोबर स्थिरावला.

पण या सगळ्यांत राजा एक. सर्प! धातू सृप्, म्हणजे सरपटणं. लॅटिन ‘सर्पेन्स’, त्यावरून सर्पंट. ग्रीकात नियमानं ‘स’चा ‘ह’: ‘हर्पेइन’, सरपटणं. म्हणून सरपटणाऱ्या प्राण्यांचा अभ्यास तो हर्पेटॉलॉजी. आणि त्वचेवर सरपटत पसरणारा रोग तो ‘हर्पीज’.

हर्पीज झॉस्टरला आपल्याकडे म्हणतात नागीण. ही नावं एकमेकांची भाषांतरं नव्हेत. ग्रीक वैद्यानं फोडांची पसरती रांग बघून ‘सरपटणारी’ म्हटलं, आपल्या आजीनं तीच रांग बघून ‘नागीण’ म्हटलं. आणि चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातला २१वा अध्याय आहे विसर्पाचा. विसर्प म्हणजेच आजची नागीण असं वैद्य म्हणणार नाहीत. तो वेगळा आणि मोठा गट आहे. पण नाव बघा: वि + सृप्. त्वचेच्या रोगाला सरपटण्यावरून नाव द्यायचं आणि त्यासाठी तोच धातू वापरायचा, हे ग्रीसमध्येही झालं आणि इथेही. ‘झॉस्टर’ म्हणजे कमरपट्टा. कारण ती एका मज्जातंतूच्या पट्ट्यातच उठते, सहसा अंगाच्या एकाच बाजूला. ‘तोंड-शेपूट जुळलं की माणूस जातो’ ही भीती म्हणून निराधार. मधली रेघ ती सहसा ओलांडतच नाही. (उतरवून घेण्यात दिवस घालवू नयेत, विषाणूविरोधी गोळ्या पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाल्या तर उत्तम लागू पडतात.)

इथे एक मंडळी टाळ्या वाजवायला लागतात: बघा, ग्रीक-लॅटिन सगळं संस्कृतातूनच निघालं! नाही निघालं. ही भावंडं आहेत, संस्कृत आई नव्हे. संस्कृतचे अभ्यासक असलेले इंग्रज न्यायाधीश विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कोलकात्यात हेच मांडलं, की या भाषांचा उगम समान असावा आणि तो उगम कदाचित आज उरलेला नाही. शिवाय देवघेव दोन्हीकडून झाली आहे. ‘केंद्र’ हा शब्द आपण ज्योतिषाबरोबर ग्रीकांकडून घेतला. ‘केंट्रॉन’ म्हणजे अणकुचीदार टोक: बैलाला टोचायच्या पराणीचं, किंवा वर्तुळ काढताना रोवायचं. जिल्हा परिषदेचे केंद्रप्रमुख व्युत्पत्तीनं टोचणीप्रमुख ठरतात. शिक्षकांचं त्यावर फारसं दुमत नसावं. ‘होरा’ही ग्रीकच, आणि इंग्रजी ‘अवर’ त्याचाच भाऊ.

बरं, घोकण्याचं. शेकड्यांनी मुळं पाठ करून काही होत नाही, कारण मूळ आठवतं आणि शब्द आठवत नाही. चाळीस मुळं पुरेत. रोज दोन. प्रत्येकाला तीन शब्द जोडा: एक रोजचा, एक ऐकलेला, एक नवा. चौथ्या रकान्यात संस्कृत भाऊ असला तर तो, आणि पाचव्यात ‘फसवा’. ‘होमो’ला फसवा कोण? होमो सेपियन्समधला होमो. तो लॅटिन, अर्थ माणूस, आणि त्याचं नातं ‘ह्यूमस’शी, म्हणजे मातीशी. होमोजीनियसमधला होमो ग्रीक, अर्थ सम. हा पाचवा रकाना गाळलात तर परीक्षेत नेमका तिथेच घसराल. पेपर काढणाराही तीच यादी वाचून बसलेला असतो.

मूळ ग्रीक की लॅटिन हे स्पेलिंगवरून बहुधा कळतं. ‘फ’ला पी-एच, ‘क’ला सी-एच, मधेच वाय, आरंभी न उच्चारला जाणारा पी: ग्रीक. दोन मुळं जोडणाऱ्या ‘ओ’नं सांधा बसला असेल तर सहसा ग्रीक (हायड्रॉलॉजी), ‘आय’नं बसला असेल तर लॅटिन (कार्निव्होरस). वाचताना शेपटीकडून सुरुवात करा, आपण तत्पुरुष सोडवतो तसा.

आणि उपसर्गांना घाबरायचं कारण नाही. व्याकरणातला संधी ज्याला येतो त्याला ते येतात. तत् + लीन = तल्लीन, तसंच इन + लीगल = इल्लीगल. ‘कॉन’चं कॉम, कॉल, कॉर होतं ते पुढच्या अक्षराच्या दबावानं, आपला परसवर्ण, म्हणजे पुढच्या अक्षरासारखं होणं, वेगळं काय करतो? नकाराचं तर ग्रीक आणि संस्कृत यांचं अगदी एकच: व्यंजनापूर्वी ‘अ’, स्वरापूर्वी ‘अन्’. अज्ञान पण अनंत. एथिइस्ट पण ॲनार्की. घोळ होतो तो हायपर आणि हायपो यांत. एकाच्या जागी दुसरा पडला तर रक्तदाब वाढलेला आहे की उतरलेला हेच उलटं होतं. हायपर म्हणजे उपरि, वर. हायपो म्हणजे उप, खाली. उपरि आणि उप लक्षात ठेवलेत की जन्मात चुकणार नाही.

‘पेड’ राहिलंच. ती एक ओळ खोडून तिथे तीन लिहा. लॅटिन ‘पेड’, पाय: पेडल, पेडेस्ट्रियन, सेंटिपीड. ग्रीकात पाय असतो ‘पॉड’: ट्रायपॉड, पोडियम. आणि ग्रीक ‘पाइड’ म्हणजे मूल: पेडिअट्रिशियन. ब्रिटिश स्पेलिंगमध्ये इथे पी-ए-ई-डी दिसतं, अमेरिकनांनी मधला ‘ए’ गाळला आणि मूल पायात अडकलं. ऑर्थोपेडिकमध्येही हेच मूल आहे. ‘ऑर्थो’ म्हणजे हाड नव्हे, सरळ. मुलांची वाकडी हाडं सरळ करण्यासाठी आन्द्री या फ्रेंच वैद्यानं १७४१ साली तो शब्द केला. ‘ऑर्थोचा डॉक्टर’ म्हणणाऱ्याला दाताचा ऑर्थोडॉन्टिस्ट भेटला की ‘हाई काय शे?’ म्हणायची पाळी येते, ती यामुळे.

चौथी ओळ खास आपल्या भागासाठी. पेडॉलॉजी म्हणजे मृदाशास्त्र. ग्रीक ‘पेडॉन’, जमीन. तापीकाठच्या कापसाच्या काळ्या जमिनीला त्या शास्त्रात ‘व्हर्टिसॉल’ म्हणतात. उन्हाळ्यात तिला हात हात भेगा पडतात, वरची माती भेगांत घसरते, पावसात खालचा थर फुगून वर येतो आणि जमीन स्वतःच स्वतःला उलथते. लॅटिन ‘व्हर्टेरे’, फिरणं, वळणं. संस्कृत वृत्, वर्तते. पेडॉन मात्र पायाच्याच कुळातला: पाय टेकतो ती जमीन. म्हणजे क्लासची ‘पेड = पाय’ ही ओळ पेडिअट्रिशियनला लागू नाही, आणि जिथे लागू पडते तो शब्द त्यांनी यादीत घातलेलाच नसणार.