सुमी ‘उगाळतात’, आणि बाटलीतली सुमी?

प्रश्न असा: जपानी शाईची कांडी, म्हणजे ‘सुमी’, दगडावर घासतात, वाटतात की उगाळतात? आणि बाटलीत तयार मिळणाऱ्या शाईलाही ‘सुमी’च म्हणायचं का?

क्रियापद ‘उगाळणे’च. वाटतो तो जाड पदार्थ, बारीक करण्यासाठी. सुमीतली काजळी मुळातच अतिसूक्ष्म असते. सरसात मळून, साच्यात घालून वाळवलेली. ती फक्त पाण्यात झिजवायची, सहाणेवर चंदन झिजवतो तशी. म्हणून ‘सुझुरी’ या दगडाला खुशाल सहाण म्हणावं. तिचा सपाट भाग ‘ओका’ म्हणजे जमीन, खोलगट भाग ‘उमी’ म्हणजे समुद्र. ओकावर अर्धा चमचा पाणी घेऊन कांडी हलक्या हाताने गोल फिरवायची, शाई दाट झाली की उमीत लोटायची. जोर लावला तर कण जाड सुटतात आणि फिकट छटा मळकट येते. थंडीत सरस गोठतो, तेव्हा पाणी कोमट घ्यावं. काम झालं की कांडी पुसून ठेवायची. ओली राहिली तर तडकते, दगडावरच विसरली तर चिकटून बसते.

बाटलीतली ती ‘बोकुजू’. बोलताना तिलाही सर्रास सुमी म्हणतात, त्यात चूक नाही. पण लिहिताना सरसाची की रेझिनची, म्हणजे कृत्रिम राळेची, हे सांगायलाच हवं. रेझिनची शाई वाळली की पाण्याने सुटत नाही: कुंचला लगेच धुतला नाही तर मुळाशी कडक होतो, चांगल्या सुझुरीचे बारीक दाते बुजतात. शिवाय आपल्याकडे शाई फुटली की वही खराब. इथे ते फुटणं, ‘निजिमी’, हवंच असतं. उगाळलेली शाई पातळ केली की गडद रेघेभोवती फिकट वलय पसरतं. रेझिनच्या शाईत ते सहसा इतकं खुलत नाही.

तरी रेझिनला हलकं लेखू नये. १९५२ साली मोरिता शिर्यू, इनोउए यूइची आदी जपानी सुलेखनकारांनी ‘बोकुजिनकाई’ काढली. अर्थ, शाईच्या माणसांची मंडळी. मोरितांनी पुढे अ‍ॅल्युमिनियमची पूड एका रेझिनमध्ये, म्हणजे पॉलिव्हिनाइल अ‍ॅसिटेटमध्ये कालवून अक्षरं लिहिली, वर पिवळं वार्निश दिलं, आणि ती सोनेरी दिसू लागली. त्या मिश्रणाला सुमी म्हणता येणार नाही. लेखन मात्र अस्सल ‘शोदो’, म्हणजे जपानी सुलेखन.

आणि ‘सुमी-ए चित्र’ असं लिहू नये. ‘ए’ म्हणजेच चित्र.