बीपीच्या पेशंटसाठी फार्मासिस्टला काय करता येतं?

तुम्ही लिहिलंय की दुकानात बीपीचं मशीन ठेवलं, पेशंटला आकडाही सांगता, पण तो "बरं" म्हणतो आणि गोळ्या घेऊन निघून जातो. मग आणखी करायचं काय? बरीच वर्षं काउंटरमागे उभी आहे, म्हणून सांगते: मशीनच्या आधी रिफिलच्या, म्हणजे पेशंट पुन्हा गोळ्या न्यायला येतो त्या, तारखा बघायला लागा.

एक बाई दर महिन्याला बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिनच्या तीस गोळ्या न्यायच्या. एकदा तीन आठवडे उशिरा आल्या. "गोळ्या चुकतात का?" असं विचारलं की सगळे नाहीच म्हणतात, म्हणून मी विचारलं, "घरी किती उरल्यात?" त्यांनी पर्समधून चुरगळलेली स्ट्रिप काढली. चार गोळ्या शिल्लक. पाय सुजतात म्हणून बाई परस्पर एक दिवसाआड घेत होत्या. घोट्याशी अंगठा दाबून पाहिला, खळगा तसाच राहिला. एवढ्याशा गोष्टीसाठी डॉक्टरांकडे कशाला जायचं, असं त्यांना वाटत होतं. अ‍ॅम्लोडिपिनने अशी सूज येऊ शकते, पण तिची कारणं इतरही असतात, त्यामुळे तपासणी हवीच. गोळी कशी घेतली जातेय, सूज केव्हापासून आहे आणि बीपीची रीडिंग्ज, एवढं एका चिठ्ठीवर लिहून दिलं. डॉक्टरांनी औषध बदललं. रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिल या बीपीच्या गोळ्या घेणाऱ्याने खोकल्याचं औषध मागितलं तर तेव्हाही थांबा. कोरडा खोकला त्या गोळीचाच असू शकतो. मात्र डोस आपण बदलायचा नाही, आणि "बंद करा" तर मुळीच म्हणायचं नाही.

दुसरी नजर पेनकिलरवर ठेवा. गुडघेदुखीसाठी रोज डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन घेणाऱ्याचं बीपी चढू शकतं, वर बीपीच्या बऱ्याच गोळ्यांचा असरही कमी होऊ शकतो. सर्दीच्या गोळीतलं स्यूडोएफेड्रिन, पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्यांमधलं सोडियम, यांनीही बीपी वाढू शकतं, म्हणून तेही तपासा. ही सगळी विक्री आपल्याच हातून होते, म्हणून ही जबाबदारी मला फार मोठी वाटते.

आता मशीन. पेशंट आला की लगेच कफ, म्हणजे मशीनचा दंडाला बांधायचा पट्टा, बांधू नका. पाच मिनिटं बसवा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला. लघवी लागलेली नको, आणि मोजताना बोलणं नको, तुमचंही नको. जाड दंडाला छोटा कफ लावला तर आकडा उगाच जास्त येतो. मिनिटभराने पुन्हा मोजा, दोन्ही आकडे तारखेसकट लिहून द्या.

या कामाने खरंच फरक पडतो. लॉस एंजेलिसमध्ये केशकर्तनालयांत फार्मासिस्ट जाऊन बसले आणि डॉक्टरांशी झालेल्या करारानुसार कृष्णवर्णीय पुरुषांना बीपीची औषधं देऊ लागले. 2018 मध्ये निष्कर्ष आले: सहा महिन्यांत वरचा आकडा सरासरी 27 ने उतरला, तर ज्यांना नाभिकांनी फक्त सल्ला दिला त्यांचा 9 च्या आसपास. तिथल्यासारखे अधिकार सगळ्यांना नसतात, पण नियमित भेटणं आणि पाठपुरावा आपल्या हातात आहे.

180/120 च्या वर आकडा आला तर घाबरवू नका, पाच मिनिटांनी परत मोजा. तेवढाच राहिला तर त्याच दिवशी स्वतः डॉक्टरांना फोन लावा. सोबत छातीत दुखणं, धाप, बोलताना जीभ अडखळणं, एका बाजूची ताकद जाणं, अचानक धूसर दिसणं यातलं काहीही असेल, तर दुसऱ्या मोजणीसाठीसुद्धा थांबू नका. अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा आणि ती येईपर्यंत त्यांच्याजवळ बसा.