एवढ्या पैशांत सिको?

प्रश्न (थोडक्यात): मी 43 वर्षांचा, राहायला ठाण्यात, नोकरी आयटीत. हातात येणारा पगार 1 लाख 48 हजार. गृहकर्ज 27 लाख बाकी आहे, व्याज 8.6 टक्के, हप्ता 30 हजार, अजून 12 वर्षं जायची आहेत. बाकीचा घरखर्च 62 हजार. मुलगी नववीत, पत्नी घर सांभाळते. एसआयपी 25 हजारांची, एफडी 1 लाख 90 हजारांची. यंदाच्या बोनसचे कर जाऊन 6 लाख 40 हजार हाती आलेत. गेली चार वर्षं एक घड्याळ मनात आहे, सिकोच्या महागड्या ‘ग्रँड सिको’ मालिकेतलं ‘स्नोफ्लेक’. दुकानात 5 लाख 40 हजार सांगितले, 24 महिन्यांच्या बिनव्याजी हप्त्यांचीही सोय आहे म्हणाले. बायको म्हणते, “एवढ्या पैशांत सिको?” पण मला भपका नको, साधं आणि अस्सल हवंय. गुंतवणूक म्हणूनही चालेल ना? नाहीतर नोमोस या जर्मन कंपनीचं टँजेंटे आहे, दोन-सव्वादोन लाखांचं. चुलतभाऊ जर्मनीहून आणून देईल.

उत्तर: तुमचं पत्र वाचलं आणि खरं सांगतो, आधी हसू आलं. माझ्या मनगटावर बारा वर्षांचं टायटन आहे, आणि सिको म्हटलं की मला दुबईहून आलेल्या मामाच्या हातातलं साधं ‘सिको फाइव्ह’ आठवतं. म्हणून उत्तर लिहिण्याआधी दुकानात जाऊन ते घड्याळ बघून आलो. काउंटरवरच्या मुलाने हातमोजे चढवून ते समोर ठेवलं. लांबून पांढरी तबकडी, बस. जवळ नेली तेव्हा तिच्यावर वाऱ्याने ओढलेल्या बर्फासारख्या बारीक रेघा दिसल्या. आणि तो निळा सेकंदकाटा! तो टिकटिकतच नाही, नुसता सरकत राहतो. मी दोन मिनिटं गप्प उभा होतो. टायटॅनियममुळे हातात घेतल्यावर वजनही जाणवत नाही.

त्या मुलाने यंत्र समजावून सांगितलं. आत जुन्या घड्याळासारखी गुंडाळलेली स्प्रिंग आहे, बॅटरी नाही, पण त्या स्प्रिंगच्या वेगावर लगाम ठेवतो क्वार्ट्‌झचा स्फटिक. त्यामुळे महिन्याला फार तर 15 सेकंद इकडेतिकडे. ही कल्पना सिकोच्या एका इंजिनिअरला 1977 च्या सुमारास सुचली आणि अशा यंत्राचं पहिलं घड्याळ बाजारात आलं 1999 मध्ये. बावीस वर्षं! आमच्या गुंतवणुकीच्या धंद्यात लोक एसआयपीला बावीस महिने देत नाहीत.

तेव्हा तुमची आवड मला पटली. आता पैशांचं बोलू.

‘गुंतवणूक’ हा शब्द आधी पत्रातून खोडा. तुम्ही मनात रोलेक्स धरून हा प्रश्न विचारला आहे. काही रोलेक्स दुकानातल्या किमतीपेक्षा जास्त भावाने विकली जातात, कारण मागणी जास्त, माल कमी, आणि मुख्य म्हणजे ते घड्याळ रस्त्यावरचा कोणीही ओळखतो. (तो भावही 2022 च्या सुरुवातीला शिखरावर होता, नंतर घसरला. तेव्हा वरच्या भावात घेतलेले अजून तोंड लपवत असतील.) तुम्हाला स्नोफ्लेक आवडतं ते नेमकं उलट कारणासाठी: कोणी ओळखत नाही, कोणी विचारत नाही. पण जे कोणी ओळखत नाही, ते उद्या तुमच्याकडून चढ्या भावाने घेणार कोण? तुमच्या बायकोचा प्रश्न तुमचं उद्याचं गिऱ्हाईकही विचारणार आहे. ज्या गुणासाठी पैसे मोजताय, तोच गुण विकताना पैसे कमी करतो.

त्यात 5 लाख 40 हजारांत 18 टक्के जीएसटी धरलेला आहे, म्हणजे सुमारे 82 हजार रुपये सरकारचे. जुनं घड्याळ घेणारा ते तुम्हाला भरून देणार नाही. दुकानदाराचा नफाही देणार नाही. माझ्या हिशेबात अशा घड्याळाची किंमत पहिल्याच दिवशी तिसरा हिस्सा कमी धरायची, मग पुढे जे मिळेल ते वरकड. शिवाय काही वर्षांनी सर्व्हिसिंग आलंच, आणि ते गल्लीतल्या घड्याळजीचं काम नाही. त्यापोटी वर्षाला सात-आठ हजार मनात धरा. हौसेला मोल नसतं म्हणतात. या हौसेला आहे, आणि ते पूर्ण खर्चाच्या रकान्यात जातं.

एकदा खर्च म्हटलं की प्रश्न सोपा होतो: परवडतो का? आज नाही. कारण घड्याळ महाग आहे हे नव्हे, तुमची एफडी लहान आहे. घरखर्च आणि हप्ता मिळून महिन्याला 92 हजार. घरात कमावणारे तुम्ही एकटे, आणि आयटीत नोकरी कशी जाते ते तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिलं असेल. सहा महिन्यांचे साडेपाच लाख बाजूला हवेत, आहेत 1 लाख 90 हजार. बोनसमधले 3 लाख 60 हजार आधी तिकडे गेले पाहिजेत. यावर मी घासाघीस करणार नाही.

उरले 2 लाख 80 हजार. इथे तुम्ही म्हणाल, मग टँजेंटे बसतंय की! बसतं. घड्याळही सुरेख आहे. नोमोस ही बर्लिनची भिंत पडल्यावर लगेच, 1990 मध्ये, सॅक्सनीतल्या ग्लासह्यूटे गावात सुरू झालेली कंपनी. टँजेंटेची तबकडी इतकी कोरी की शाळेच्या पट्टीवर आखल्यासारखी, आणि स्वतः चावी द्यावी लागते. माझे वडील आकाशवाणी पुण्याच्या सात पाचच्या बातम्या लागल्या की एचएमटी जनताला चावी द्यायचे, ते आठवलं. पण तुमच्या पत्रात स्नोफ्लेकची चार वर्षं आहेत आणि टँजेंटेला ‘नाहीतर’ आहे. नाहीतरचं घड्याळ घेणारा माणूस दोन वर्षांनी पहिलंही घेतो, आणि मग हिशेब साडेसात लाखांचा होतो. टँजेंटे खरोखर आवडत असेल तर आज घ्या, माझी हरकत नाही. तडजोड म्हणून नको.

आणि भावाने आणायचं असेल तर दोन गोष्टी. तो तिथेच राहतो, त्यामुळे परदेशी पाहुण्याला मिळतो तसा तिथल्या 19 टक्के व्हॅटचा परतावा त्याला मिळणार नाही. दुसरं, मुंबई विमानतळावर उतरल्यावर ड्यूटी आहे. “मनगटावर घालून आलं की कोण विचारतो” हे मी डझनभर लोकांकडून ऐकलंय. नवं कोरं दोन लाखांचं घड्याळ मनगटावर असलं तरी जाहीर करावंच लागतं. न केल्यास जप्ती आणि दंड, तोही भावाच्या नावावर. ड्यूटी धरून इथल्या किमतीशी तुलना करा, फरक वाटतो तेवढा राहत नाही.

हप्त्यांचं तर नावच काढू नका. रिझर्व्ह बँकेने 2013 सालीच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतं. व्याज असतंच, ते दुकानदार सूट म्हणून स्वतःच्या खिशातून भरतो, आणि तुम्ही एकरकमी दिले असते तर कदाचित तीच सूट तुम्हाला मिळाली असती. वर प्रोसेसिंग फी, आणि हप्ते क्रेडिट कार्डावर असतील तर त्या व्याजावरचा जीएसटीही, तुमच्याकडून. महिना 22,500 दोन वर्षं.

आता मी काय करेन ते सांगतो. तुमच्या पत्रात एक भोक आहे. 92 हजार खर्च आणि 25 हजार एसआयपी मिळून 1 लाख 17 हजार झाले. पगार 1 लाख 48 हजार. उरलेले 31 हजार दर महिन्याला कुठे जातात? पत्रात नाही, आणि माझा अंदाज तुम्हालाही नक्की ठाऊक नाही. त्यातले 20 हजार पगाराच्या दिवशीच लिक्विड फंडात (हवे तेव्हा पैसे काढता येणारा, कमी जोखमीचा म्युच्युअल फंड) टाका, त्याच फंडात ते 2 लाख 80 हजारही ठेवा. 13 महिन्यांत 5 लाख 40 हजार होतात, परतावा वेगळा. मधे पुढचा बोनस आला तर आणखी लवकर. किंमत तोवर वाढेल, वाढू दे. फार तर एक महिना जास्त.

हेही माहीत असू द्या की तेच 5 लाख 40 हजार कर्जात भरून हप्ता तोच ठेवलात, तर कर्ज 43 महिने आधी फिटतं. म्हणजे घड्याळाची खरी किंमत वयाच्या बावन्नाव्या-त्रेपन्नाव्या वर्षापासूनची तीन वर्षं सात महिने हप्ते. मुलीचं कॉलेज मधेच येणार आहे. हे वाचूनही 13 महिन्यांनी हवंसं वाटलं तर घ्या, आणि मला फोन करून परवानगी मागू नका.

घेताना पॅन लागेल, बिल आणि वॉरंटी कार्ड स्वतःच्या नावावर घ्या, आणि घराच्या विम्यात मौल्यवान वस्तू म्हणून वेगळी नोंद करा. नुसतं ‘घरातलं सामान’ लिहिलेल्या पॉलिसीत बाहेर हरवलेलं घड्याळ बहुधा येत नाही.

वहिनींच्या प्रश्नाला मात्र माझ्याकडे उत्तर नाही. 2017 पर्यंत त्या तबकडीवर बाराच्या खुणेखाली ‘सिको’च लिहिलेलं असायचं, तेव्हा त्यांची शंका रास्त आहे. त्यांना एकदा दुकानात घेऊन जा. हप्त्याचं बोलणाऱ्या माणसाला लांब उभा करा आणि तो निळा काटा त्यांना मिनिटभर बघू द्या.