मंगळवारच्या आधी त्याच्याकडे जा

पत्राचा सारांश: "माझा धाकटा भाऊ आठ महिने उपासनेला आलेला नाही. मी रोज सकाळी त्याला वचन पाठवते, तो उत्तर देत नाही. बायबलमधल्या यहेज्केलच्या 33व्या अध्यायात सावध न करणाऱ्या पहारेकऱ्याकडे देव जाब मागतो, तसा तो माझ्याकडे भावाचा जाब मागेल, या भीतीने झोप लागत नाही. प्रार्थना करताना समोर कोणी आहे असं वाटतच नाही, असं तो एकदा रात्री मला म्हणाला होता. आमच्या मंगळवारच्या गटात सगळ्याजणी त्याचं नाव घेऊन, त्याच्या या संशयासाठी प्रार्थना करतात. आणखी काय करू?"

ताई, पहारेकऱ्यावर तुम्ही पानभर लिहिलंत आणि मंगळवारच्या गटावर एक ओळ. मी त्या ओळीवरच अडले. त्याच्या मनातलं त्या सगळ्याजणींना कळलं कसं? त्याने तर ते रात्री, फक्त तुम्हाला सांगितलं होतं.

मत्तय 18:15 पासूनचा क्रम तुम्हाला पाठ असेल: आधी दोघांनीच एकांतात, मग एकदोघांना घेऊन, चर्चची मंडळी त्यानंतर. हा क्रम अपराध करणाऱ्यासाठी आहे. तुमच्या भावाने तर अपराधही केला नव्हता, मन मोकळं केलं होतं. अपराध्याला जो एकांत मिळायला हवा, तो त्याला मिळाला नाही. प्रार्थनेचा विषय म्हणून सांगितलं तरी गुपित फुटलंच.

पहारेकरी तलवार येताना पाहून कर्णा वाजवतो, वाईट मार्गाने चाललेल्याला सावध करतो. संशयात सापडलेल्यांसाठी यहूदाच्या पत्राच्या 22व्या वचनात वेगळी आज्ञा आहे: त्यांच्यावर दया करा. गलती 6:1 मध्ये चुकलेल्याला सौम्यतेने ताळ्यावर आणायला सांगितलंय, तिथलं मूळ ग्रीक क्रियापद मार्क 1:19 मध्ये जाळी नीट करण्यासाठी आलंय. जाळं हिसके देऊन शिवता येत नाही, ताई. तुमची जबाबदारी खरी आहे, आणि आज ती एवढीच आहे की त्याची माफी मागायची.

उद्यापासून सकाळची वचनं बंद. प्रत्येक वचन त्याला आठवण करून देतं की त्याचं बोलणं चर्चेला गेलं. माफी फोनवर किंवा मेसेजवर नको, स्वतः जा. एकट्या जा, पाळकांना नेऊ नका. रविवार टाळा, नाहीतर उपासनेला न्यायला आलात असंच त्याला वाटेल. म्हणा, "तू मला एकटीला सांगितलंस, ते मी गटात बोलले. चुकलं माझं. मला माफ कर." आणि थांबा. "पण काळजीपोटीच..." हे तोंडातून निघालं की माफी गेली, समर्थन उरलं. कोणाकोणाला माहीत आहे असं त्याने विचारलं तर सगळी नावं सांगा, एकही गाळू नका. तो चिडेल, कदाचित उठून जाईल. जाऊ द्या. तिथेच डोळे मिटून प्रार्थना सुरू करू नका. त्याने मागितली तरच करा.

पुढच्या मंगळवारी गटात सांगा की ही गोष्ट सांगण्याचा हक्क तुम्हाला नव्हता, यापुढे त्याचं नाव घेऊ नये आणि कोणीही त्याच्यापाशी हा विषय काढू नये. घरी, दार लावून, त्याच्यासाठी हवी तितकी विनवणी करा. देवाला नाव माहीत आहे.

तो परत कधी बोलला, तर ऐका. संकटात सापडलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ मुकाट बसले, तोवर त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. तोंड उघडलं आणि बिघडलं.

आणि त्याच्या त्या वाक्याने तुम्ही घाबरला असाल तर स्तोत्र 88 वाचा. ते अंधारातच संपतं, शेवटी कुठलाही उजेड नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. तुम्ही वाचा. त्याला पाठवू मात्र नका.