गॉगल सगळ्यात शेवटी

कोल्हापूर, शनिवार रात्र

भावा,

आपल्या फाशांच्या खेळासाठी, ज्यात प्रत्येकजण एक पात्र होऊन बोलतो आणि सूत्रधार गोष्ट पुढे नेतो, तू लिहून पाठवलेलं पात्र वाचलं. पितळी हात, डोळ्यांवर गॉगल, कमरेला वाफेचं पिस्तूल, रंकाळ्यावरून उडणारं जहाज, आणि शेवटी एकच ओळ: डिटेक्टिव्ह आहे, हुशार आहे. तीनदा वाचलं. जहाज आवडलं. माणूस काही सापडला नाही.

रागावू नकोस. माझं पहिलं पात्र तुझ्यापेक्षा वाईट होतं. उद्यमनगरात एका शेडच्या माळ्यावर आम्ही पाचजण खेळायचो, खाली लेथ बंद झाली की. मी विलायतेहून परतलेला बॅरिस्टर घेऊन बसलो. त्याला विषं कळायची, कुलपं उघडायची, तलवार चालवता यायची, वर सहा भाषा. सूत्रधारानं काहीही विचारलं की उत्तर माझंच. बाकीचे भडंग खात बसायचे. तिसऱ्या रविवारी दोघं आलेच नाहीत. मला वाटलं त्यांना खेळ कळत नाही. खरी गोष्ट अशी होती की माझ्या बॅरिस्टरला कुणाची गरजच नव्हती.

म्हणून आता मी पात्र हातापासून सुरू करतो. या माणसाचे हात रोज काय करतात, आणि त्यामुळे त्याला असं काय दिसतं जे शेजारच्याला दिसत नाही?

मी तीस वर्षं पॅटर्न शॉपमध्ये काढली, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठी लाकडाचे नमुने घडवतात तिथे, तेव्हा उदाहरण तिथलंच देतो. ओतीव लोखंड थंड होताना आक्रसतं, फुटामागे साधारण 1/8 इंच. म्हणून पॅटर्नवाला लाकडाचा पॅटर्न मुद्दाम तेवढा मोठा करतो. त्याची मोजपट्टीसुद्धा वेगळी असते, तिच्यावरचा फूट खऱ्या फुटापेक्षा मोठा. नवख्याला ती पट्टी खोटीच वाटते. आता समज, दरबारच्या यंत्राचं 12 इंची चाक कुणीतरी पळवलं आणि त्याजागी नक्कल बसवली. चोराकडे ना ड्रॉइंग, ना पॅटर्न. त्यानं खऱ्या चाकाचाच काळ्या वाळूत ठसा घेतला आणि लोखंड ओतलं. निघालेलं चाक 12 इंचांचं नसणार, 11 7/8 इंचांचं असणार. दिसायला हुबेहूब. फौजदार ते हातात घेतील, फिरवतील, परत ठेवतील. पॅटर्नवाल्याची पोरगी मात्र पट्टी लावेल आणि म्हणेल, हे मूळ चाक नव्हे, हे त्या चाकाचं पोर आहे.

बघ, एका पट्टीतून पात्र उभं राहिलं. तिला विषं कळत नाहीत, तलवार येत नाही. भट्टीवर बाईमाणसाला कुणी उभं करत नाही, म्हणून ती बापाच्या आडून काम करते आणि तिचं म्हणणं पंचनाम्यात दुसऱ्याच्या नावानं जातं. ही अडचण काढून टाकू नकोस. ती आहे म्हणूनच तिला टेबलावरच्या दुसऱ्या पात्राकडे जावं लागणार.

यातून दुसरा प्रश्न येतो, आणि तो मला पहिल्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो: या माणसाला कुठलं दार उघडं आहे आणि कुठलं बंद? तुझा खेळ 1910 च्या आसपासचा आहे. म्हणजे गावात एकीकडे दरबार, दुसरीकडे इंग्रजांच्या प्रतिनिधीची कचेरी, मध्ये तालमी, गुजरीतले सराफ, गुळाच्या अडती, वाड्यांची माजघरं. एकच माणूस या सगळीकडे घुसत असेल तर तो डिटेक्टिव्ह नाही, वारा आहे. तारमास्तर घे. खटखट ऐकून पलीकडे कुणाचा हात आहे ते तो ओळखतो, कारण प्रत्येकाची तार ठोकायची लय वेगळी असते. गावाची निम्मी गुपितं त्याच्या कानावरून जातात, आणि एक जरी बाहेर काढलं तरी नोकरी गेली. असा माणूस प्रत्येक प्रसंगात थोडा तुटतो. खेळायला मजा येते.

किंवा फासेपारधी माग काढणारी. इंग्रजांनी 1871 मध्ये कायदा करून काही जमातींवर जन्मापासूनच गुन्हेगारीचा शिक्का मारायला सुरुवात केली. अशा माणसांना ठरल्या वेळी हजेरी द्यावी लागे. आपल्या संस्थानात शाहू महाराजांनी 1918 मध्ये ही हजेरी बंद केली, पारध्यांना पहाऱ्याच्या नोकऱ्या दिल्या. तुझी गोष्ट त्याआधीची आहे. म्हणजे गावातली सर्वांत तीक्ष्ण नजर जिच्याकडे आहे तिलाच संध्याकाळी तपास सोडून हजेरीला पळावं लागतं, आणि चोरी झाली की पहिला संशय तिच्यावर. पण एक सांगतो, हे पात्र नुसतं रंगत म्हणून घेणार असशील तर घेऊ नकोस. टेबलावर कुणी तिच्या जातीवर विनोद केला तर काय करायचं हे आधी ठरव.

यंत्रांबद्दल मी थोडक्यात सांगतो, कारण तुला त्यातलं खूप सुचतं. प्रत्येक यंत्राला विचार: जळतं कशावर? बिघडलं तर दुरुस्त कोण करतं? मिरज-कोल्हापूर गाडी 1891 ला सुरू झाली. दगडी कोळसा त्या वाटेनं येणार, पैसे पडणार, वहीत नोंद होणार. पण गुऱ्हाळाच्या चुलवाणात काय जळतं? उसाचं चिपाड. तुझं जहाज चिपाडावर चालव, मग ते हंगामात उडेल आणि पावसाळ्यात चिपाड भिजलं की जमिनीवर बसेल. धुराला उसाचा वास येईल आणि गुळव्या तो ओळखेल. गुळव्याला तसंही संघात घे. काहिलीतल्या पाकाच्या बुडबुड्यांवरून गूळ कधी उतरवायचा हे सांगणाऱ्याला बॉयलरचा आवाज बदललेला कळायला कितीसा वेळ लागणार?

आणि हे सगळं आपल्याकडे कसं शोभेल असा प्रश्न मनात आणू नकोस. बाबूराव पेंटर रंगभूमीचे पडदे रंगवणारे कलावंत. त्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी याच गावात, 1918 च्या सुमारास, सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला. पितळेत दाते कापून वेगळंच यंत्र उभं करणारा माणूस इथल्या मातीला नवा नाही.

आता माझ्या डोक्यात बरेच दिवस घोळणारं एक पात्र तुला देऊन टाकतो. मिलचा भोंगेवाला. शाहू मिल 1906 ची. खेळात असं धर की मनगटी घड्याळं गावात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि सगळ्यांच्या साक्षी भोंग्यावर बेतलेल्या: भोंगा झाला तेव्हा मी घाटावर होतो, भोंग्याआधी दुकान बंद केलं. भोंगा वाजतो बॉयलरच्या वाफेवर, आणि ती सोडणारा हात एकच. त्या हातानं एका रात्री भोंगा दहा मिनिटं उशिरा दिला तर अख्ख्या गावाची साक्ष सरकली. कुणीही खोटं बोललेलं नाही, तरी प्रत्येक जबाब चुकीचा.

मग नव्या राजवाड्याच्या मनोऱ्यावरचं घड्याळ आहेच. वर आणखी एक गाठ: 1906 पासून देशाची एक प्रमाणवेळ आली, पण सूर्याच्या हिशेबानं कोल्हापूर तिच्यापेक्षा सुमारे 33 मिनिटं मागे. तुझ्या खेळात स्टेशन एका वेळेवर आणि जुनी माणसं दुसऱ्या वेळेवर चालव. तपास करणाऱ्याला आधी विचारावं लागेल, कुठले साडेसात?

भोंगेवाल्यानं हे का केलं, ते मी ठरवलेलं नाही. पैसे घेतले असतील. किंवा गेज ग्लासमध्ये, म्हणजे बॉयलरमधलं पाणी दाखवणाऱ्या काचनळीत, पाणी खाली गेलेलं दिसलं, बॉयलर फुटू नये म्हणून तो भट्टीतली आग बाहेर ओढत राहिला आणि भोंगा राहून गेला, आणि आता नोकरीच्या भीतीनं गप्प आहे. मला दुसरं जास्त पटतं. तो गुन्हेगार नसतानाही सगळा गुन्हा त्याच्यापाशी अडलेला. तुला पहिलं आवडलं तर तसं कर. पण मग पैसे कुणी दिले ते तुलाच सांगावं लागेल.

तुझ्या पितळी हाताचं म्हणशील तर राहू दे. फक्त तो हात कुठल्या यंत्रात गेला, आणि त्या दिवशी ते यंत्र कोण चालवत होतं, एवढं लिहून आण. गॉगल सगळ्यात शेवटी चढव, मे महिन्यात घाम येतो म्हणून तो काढून ठेवणाराच असू दे.

रविवारी चार वाजता ये. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पुराचं पाणी आत्ता 36 फुटांवर आहे. 39 झालं, म्हणजे इशारा पातळी गाठली, तर घरातून निघू नकोस, फोन कर. फासे माझ्याकडे आहेत, भडंग तू आण.

तुझा,
माळ्यावरचा म्हातारा