‘ताई, उद्या संध्याकाळपर्यंत केक होईल का?’

घरून केक करणाऱ्यांच्या या वेळच्या पत्रांत कृती विचारणाऱ्या कमी आणि दमल्याचं सांगणाऱ्या जास्त आहेत. त्यातले सहा प्रश्न घेतले आहेत. पहिल्याचं उत्तर लांबलं आहे, कारण बाकीच्या पाचांची बरीच मुळं त्यातच सापडतात.

प्रश्न : आठवड्याला बारा-पंधरा केक जातात, प्रत्येकाची डिझाईन वेगळी. रोज रात्रीचा एक-दीड वाजतो. आता व्हॅनिलाचा वास आला तरी जीव नको नको होतो. ऑर्डरी कमी कराव्यात तर हातात पैसा राहत नाही. काय करू? (परभणी)

ऑर्डरी लगेच कमी करू नका. आधी आठवडाभर वही ठेवा आणि प्रत्येक केकपुढे हाताने केलेल्या कामाची मिनिटं लिहा. ओव्हनमध्ये स्पंज भाजला जात असतो तो वेळ धरू नका. भांडी घासणं मात्र धरा, आणि गिऱ्हाइकाशी व्हॉट्सअ‍ॅपवर चाललेली ‘निळा जरा फिकट करा ना ताई’ ही चर्चासुद्धा धरा.

साध्या एक किलोच्या क्रीम केकचा हिशेब साधारण असा निघतो : मोजणं-मिसळणं २० मिनिटं, थर लावून क्रम कोट (भुगा दाबून धरणारा क्रीमचा पहिला पातळ थर) ३०, शेवटचं क्रीम आणि नोझलचं काम ४०, नाव-टॉपर-पॅकिंग १५, भांडी-ओटा २५, बोलणं २०. म्हणजे अडीच तास. पूर्ण फॉन्डंटचा (साखरेच्या मळलेल्या पोळीने झाकलेला), वर एखादं बाहुलं असलेला एक किलोचा केक सहज सात तास खातो.

आता पैसे. साधा केक ६५० रुपयांना जातो, त्यात सामान २८०, डबा-बोर्ड ३० आणि वीज २० धरली, तर उरतात ३२०. तासाला पडले १२८. फॉन्डंटचा १३०० ला जातो, सामान ४८०, डबा ३०, वीज ३०. उरतात ७६०, म्हणजे तासाला १०८. ज्या केकचे फोटो टाकून वाहवा मिळते, रात्र ज्याच्यापायी जागावी लागते, तोच कमी पैसे देतो. साध्या केकइतकी मजुरी त्यातून सुटायची असेल, तर तो साडेचौदाशेच्या खाली देता येत नाही. आकडे तुमच्या गावाच्या भावाने बदलतील, पण वहीत बहुतेकदा हेच चित्र दिसतं.

म्हणून केक मोजू नका, तास मोजा. घर, मुलं, स्वयंपाक सांभाळून आठवड्याला हाताचे ३० तास देता येत असतील, तर त्यात बारा साधे केक बसतात, किंवा दोन फॉन्डंटचे आणि सहा साधे. कॅलेंडरवर तारखेखाली तास लिहीत जा. बेरीज ३० झाली की तो आठवडा बंद. मग सख्ख्या नणंदेची ऑर्डर आली तरी पुढच्या आठवड्यात.

त्याच ३० तासांत जास्त काम बसवायचं असेल, तर भाजणं आणि सजवणं एकाच दिवशी करू नका. मंगळवारी आणि शुक्रवारी फक्त स्पंज. गार झाला की क्लिंग फिल्मच्या दोन थरांत गुंडाळून, तारीख लिहून फ्रीजरमध्ये ठेवा. दोन-तीन आठवडे चांगला राहतो. अर्धवट गोठलेला स्पंज कापताना भुगाही कमी पडतो, त्यामुळे क्रम कोट लवकर उरकतो. इथे एक चूक नेहमी होते. एगलेसचं सगळं मिश्रण एकदम करून ठेवायचं आणि ओव्हन रिकामा होईल तसे टिन आत घालायचे, असं केलं की दुसऱ्या खेपेचा स्पंज मध्ये बसतो. दही किंवा व्हिनेगरशी गाठ पडताच सोड्याचा वायू सुटायला लागतो, आणि अर्धा तास ताटकळलेल्या मिश्रणात तो उरत नाही. ओव्हनमध्ये एका वेळी जितके टिन बसतात, तेवढंच मिश्रण करा. कोरडं सामान मात्र आधीच मोजून पुड्या बांधून ठेवता येतं.

काळा, लाल, गडद निळा असे रंग क्रीममध्ये आदल्या दिवशी मिसळा. रात्रभरात ते आपोआप गडद होतात आणि रंग कमी लागतो. काळ्यासाठी पांढऱ्या क्रीमऐवजी चॉकलेट क्रीमपासून सुरुवात करा. बाहुली, अक्षरं, फुलं असं फॉन्डंटचं काम तीन-चार दिवस आधी करून उघड्यावर सुकू द्या.

ऑर्डर घेताना सात गोष्टी एकाच मेसेजमध्ये लिहून मागा : तारीख-वेळ, वजन, चव, एगलेस का, केकवरचं नाव (गिऱ्हाइकाने स्वतः टाइप केलेलं), फोटो आणि बजेट. क्रीम केकला तीन दिवस आधी, फॉन्डंटला सात दिवस आधी, निम्मे पैसे आगाऊ, आणि शेवटच्या ४८ तासांत बदल नाही. फोटो आला की त्यातला केक किती किलोचा आहे हे तिथेच सांगून टाका. इंटरनेटवरचे बरेचसे भव्य केक आतून थर्माकोलचे असतात, आणि तीन मजली डिझाईन एक किलोत ‘हुबेहूब’ मागणारं गिऱ्हाईक शेवटी नाराजच होतं. चवी पाचच ठेवा. पाइनॅपल, बटरस्कॉच, चॉकलेट ट्रफल, ब्लॅक फॉरेस्ट, रसमलाई एवढ्यात बहुतेक गावांचं भागतं.

प्रश्न : आमच्याकडे ट्यूशनच्या पोरांची हॉस्टेलं आहेत. रात्री नऊला फोन येतो, बाराला केक हवा. नाही म्हटलं तर गिऱ्हाईक तुटतं, हो म्हटलं तर रोजची झोप जाते. (लातूर)

हे गिऱ्हाईक सोडू नका, त्याची पद्धत बदला. या पोरांना डिझाईन नको असते, बारा वाजता कापायला काहीतरी हवं असतं. दुपारी चारच्या आत अर्ध्या किलोचे तीन-चार केक तयार करून फ्रीजमध्ये ठेवा. चवी दोनच, वर चॉकलेटची पट्टी आणि तयार टॉपर. फोन आला की त्या पट्टीवर नाव लिहायचं, दोन मिनिटांचं काम. रात्री साडेआठपर्यंत येऊन घेऊन जायचं, म्हणजे फोन नऊला नाही, त्याआधीच यायला हवा, आणि पैसे आधी. घरपोच नाही.

बारापर्यंत केक टिकवायचा कसा, हे तुम्हीच शिकवा. थर्माकोलच्या पेटीत दोन गोठवलेले जेल पॅक आणि मध्ये केकचा डबा ठेवला, तर तीन-साडेतीन तास निघतात. पेटीचे शंभर रुपये अनामत घ्या, म्हणजे ती परत येते. मेसच्या काकूंच्या फ्रीजमध्ये जागा मिळाली तर पेटीचीही गरज नाही. उरलेला केक दुसऱ्या दिवशी कापून डब्यांतून विकता येतो.

बिझनेस व्हॉट्सअ‍ॅपवर रात्री नऊ ते सकाळी नऊ आपोआप उत्तर जाईल असं लावा, त्यातच तयार केकचे फोटो आणि भाव द्या. परीक्षा संपून पोरं गावी गेली की ही मागणी आटते, तेव्हा रोज चार करत बसू नका.

प्रश्न : एप्रिल-मेमध्ये क्रीम उभंच राहत नाही. एकच केक दोनदा करावा लागतो, त्यात लाइट जाते. निम्मा थकवा याचाच आहे. (नांदेड)

एकदा बिघडलेला केक म्हणजे दोन केकांचं काम आणि एकाचे पैसे. त्यामुळे उन्हाळ्यात वेग वाढवण्यापेक्षा बिघाड कमी करणं जास्त फायद्याचं.

नॉन-डेअरी व्हिप क्रीमचा गोठलेला पॅक आदल्या रात्रीच फ्रीजच्या खालच्या कप्प्यात उतरवा. घाईने बाहेर किंवा पाण्यात ठेवून वितळवला की कडेचं क्रीम गरम आणि मधलं गोठलेलं राहतं. फेटायला घेताना ते ७ ते १० अंशांवर हवं, थर्मामीटर घ्याच. भांडं आणि बीटर वीस मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा, सुरुवात कमी वेगावर, मग मध्यम. पूर्ण वेगाने फेटलं तर लवकर फुगतं आणि तितक्याच लवकर बसतं. दाणेदार झालं, तर दोन-तीन चमचे न फेटलेलं थंड क्रीम घालून हाताने हलवा, बऱ्याचदा सुधारतं. एका वेळी ३०० मिलीच फेटा, बाकीचं फ्रीजमध्ये राहू द्या.

सजावटीचं काम पहाटे पाच ते आठ. त्यासाठी रात्री दहाला झोपावं लागेल, हा त्यातला खरा लाभ. दुपारी ४२-४३ अंशांत, कूलर लावून क्रीमचं काम करू नका, कूलरची दमट हवा फॉन्डंटला चिकट करते. फॉन्डंटखालच्या डार्क चॉकलेट गनाशला एरवी चॉकलेट आणि फ्रेश क्रीम २:१ असतं, मेमध्ये ३:१ करा. पांढऱ्या चॉकलेटला ३:१ चं ४:१. फ्रीजमधून काढलेल्या फॉन्डंट केकला घाम सुटतोच. डबा न उघडता तो बाहेरच्या तापमानाला येऊ द्या, पाणी डब्यावर धरतं. चुकून केकवर धरलं तर पुसू नका, पंख्यासमोर ठेवा.

साठ लिटरचा ओटीजी २००० वॉटच्या आसपास वीज घेतो, घरच्या साध्या इन्व्हर्टरवर तो चालणार नाही. भाजताना लाइट गेली तर दार उघडू नका. शेवटच्या दहा मिनिटांत गेली असेल तर आतल्या उष्णतेवर बहुतेक स्पंज होतो, पहिल्या पंधरा मिनिटांत गेली तर तो गेलाच समजा. म्हणूनही स्पंजचा साठा फ्रीजरमध्ये हवा. फ्रीजरमधल्या रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवा, लाइट गेल्यावर त्याच थंडावा धरतात.

आणि १५ एप्रिल ते १० जून उंच फॉन्डंट केक घेऊच नका. अपवाद एकच : गिऱ्हाईक एसी गाडी घेऊन येणार असेल. एक जूनला मात्र तयारीत राहा. शाळेत घालताना गुरुजींनी लिहिलेल्या तारखेमुळे कागदोपत्री अख्ख्या गावाचा वाढदिवस त्या दिवशी असतो, आणि ऑफिसातले लोक तो हौसेने साजराही करतात.

प्रश्न : उजव्या हाताला मुंग्या येतात, रात्री जाग येते. पायपिंग सोडावं लागेल का? (अंबाजोगाई)

अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होत असेल, तर मनगटातली नस दबत असण्याची शक्यता आहे. हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. वस्तू हातातून निसटेपर्यंत थांबू नका.

ओटा साधारण ३२-३४ इंच उंच, त्यावर पाच इंचांचं टर्नटेबल, वर पाच इंचांचा केक. इतकी उंची झाली की खांदे उचलूनच काम होतं. केकचा मध्य कोपराच्या उंचीवर यायला हवा, त्यासाठी जेवणाच्या टेबलावर काम करा. पायपिंग बॅग बारा इंचांची घ्या, निम्मीच भरा. मोठी बॅग भरून घेतली की दाबायला जोर लागतो आणि हाताच्या उबेने क्रीमही सैल होतं. फॉन्डंट एका वेळी पाव किलोच मळा, कडक असेल तर मायक्रोवेव्हमध्ये पाच-सात सेकंद. फुलं बसून करा. उभं राहायचंच असेल तर एक पाय पाटावर ठेवा आणि आलटून पालटून बदला.

प्रश्न : ‘भाऊंचा वाढदिवस आहे, पाच किलोचा करा, पैसे नंतर’ असे फोन येतात. नाही म्हणायची सोय नाही. (बीड)

‘सामानाचे पैसे आधी लागतात, क्यूआर पाठवते’ एवढंच म्हणा. नाही म्हणायची वेळच येत नाही, निम्मे जण तिथेच गळतात. जे पाठवतात त्यांना फॉन्डंट नको, आयताकृती क्रीम केक आणि वर खाण्याच्या शाईतला फोटो द्या. पाच किलो असला तरी चार तासांत होतो. नातेवाइकांसाठी वर्षाला किती केक भेट द्यायचे तो आकडा ठरवा आणि घरात सांगून ठेवा, म्हणजे सासूबाई परस्पर शब्द देणार नाहीत.

प्रश्न : सुट्टी घेऊनही काम करावंसं वाटत नाही. गिऱ्हाइकाचा मेसेज आला की चीड येते. केकही आधीसारखे होत नाहीत. हे काय आहे, आणि बंद करावं का? (जालना)

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटचं वर्णन केलं त्यात तीन लक्षणं आहेत : शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल तुटलेपण किंवा कडवटपणा, आणि आपलं काम नीट होत नाही ही भावना. तुमच्या पत्रात तिन्ही आहेत. संघटना त्याला आजार म्हणत नाही, कामाशी जोडलेली स्थिती म्हणते. पण सगळा दोष केकवर टाकण्याआधी हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-१२ तपासून घ्या. रक्त कमी असेल तरी अगदी असंच गळून गेल्यासारखं होतं, आणि त्यावर ऑर्डरी कमी करणं हा उपाय नाही. केक सोडून इतर कशातच मन लागत नसेल, झोप उडाली असेल, रडू येत असेल, तर डॉक्टरांशी बोला. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

तपासण्या ठीक आल्या तर धंदा बंद न करता पितृपक्षात पंधरा दिवस पूर्ण थांबा. लग्नं-साखरपुडे नसतात, मागणी तशीही उतरलेली असते. एक-दोन दिवसांच्या सुट्टीत फोन चालूच राहतो, म्हणून ती अंगाला लागत नाही. महिनाभर आधी स्टेटसवर तारखा टाका. त्या दिवसांतली नेहमीची गिऱ्हाइकं गावातल्या दुसऱ्या केकवालीकडे पाठवा, तिच्या सुट्टीत तिची तुम्ही घ्या.

थांबण्याच्या आठवडाभर आधीपासून क्रीमचा नवा पॅक फोडू नका. एकदा वितळलेलं क्रीम परत गोठवलं की नीट फुगत नाही. न फोडलेले पॅक आणि स्पंज फ्रीजरमध्ये राहतील, उघडलेलं सगळं संपवा. आणि परत सुरू करताना पहिल्या आठवड्यात १५ तासांच्याच ऑर्डरी घ्या, फॉन्डंट दुसऱ्या आठवड्यापासून.