वाचकांचे प्रश्न : दीड लाख रुपयांत पाट्यांचा व्यवसाय

प्रश्न : माझे वय २९ आहे. फ्लेक्सछपाईच्या एका दुकानात मी सहा वर्षे डिझायनर म्हणून काम केले आणि माणूस कमी असला की फिटिंगलाही जात असे. आता स्वतःचा साइन बोर्डचा व्यवसाय सुरू करावा असे मनात आहे. जवळ दीड लाख रुपयांची बचत, एक संगणक आणि घराच्या तळमजल्यावर १० बाय १२ फुटांची खोली आहे. मित्र म्हणतात, कर्ज काढून जुने फ्लेक्स मशीन घे. एकाने ते साडेचार लाखांत देऊ केले आहे. घरच्यांचा कर्जाला विरोध आहे. मशीनवाचून हा व्यवसाय उभा राहील का, आणि कोणत्या नोंदण्या कराव्या लागतील? — एक वाचक, धायरी

उत्तर : मशीन घेऊ नका. घरच्यांचे म्हणणे योग्य आहे, आणि मशीन नसल्यामुळे तुमचे काही अडणारही नाही.

फ्लेक्सचे मशीन रोज चालावे लागते. ते चार दिवस बंद राहिले की हेडमधली (कापडावर शाई सोडणाऱ्या भागातली) शाई सुकू लागते, आणि सुकलेला हेड साफ करूनही उघडला नाही तर नव्या हेडचा खर्च छोट्या माणसाची काही महिन्यांची कमाई खाऊन टाकतो. जुन्या मशीनच्या बाबतीत हा धोका पहिल्या दिवसापासून तुमच्या गळ्यात पडतो. शिवाय पुण्यात फ्लेक्स छापून देणारे इतके आहेत की चौरस फुटामागे एक-दोन रुपयांच्या फरकाने गिऱ्हाईक दुसरीकडे वळते. वाढदिवसाच्या आणि नेत्यांच्या फ्लेक्सवर मशीन चालवण्याचा विचार असेल, तर त्यातले बरेचसे फलक विनापरवाना लागतात, पालिकेची माणसे ते उतरवतात आणि फलक उतरला की त्याचे पैसेही बुडतात, हे लक्षात घ्या. १०० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिक व पीव्हीसी बॅनरवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, ही गोष्टही बाहेर छपाई करून घेताना ध्यानात ठेवा.

ज्यांनी मशीन घेतले आहे त्यांना ते चालू ठेवण्यासाठी काम हवेच असते, म्हणून ते दुसऱ्या व्यावसायिकांची छपाई जॉबवर्कच्या दराने करून देतात. तुम्ही त्यांचे गिऱ्हाईक व्हा. जागेवर जाऊन माप घेणे, डिझाइन, व्हायनल (मागे गोंद असलेला रंगीत प्लास्टिकचा पातळ पडदा) कापणे आणि पाटी नीट बसवून देणे एवढी कामे स्वतःच्या हातात ठेवा. गिऱ्हाईक ज्याचे पैसे खळखळ न करता देते तो भाग हाच, आणि सहा वर्षांत तुम्ही तो शिकलेला आहात.

यंत्रांमध्ये सुरुवातीला दोन फुटी कटिंग प्लॉटर, म्हणजे संगणकावरच्या डिझाइनप्रमाणे व्हायनल कापणारे यंत्र, पुरेसा आहे. त्याच्याबरोबर चांगले हॅमर ड्रिल, रिव्हेट गन, एसीपी (दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमचा पत्रा असलेली पाटीची शीट) कापण्यासाठी कटर, पोलादी पट्टी, व्हायनल दाबून बसवण्याची स्क्वीजी आणि घडीची ॲल्युमिनियमची शिडी घ्यावी. हे सगळे मिळून तुमच्या बचतीच्या निम्म्याच्या पुढे जाता कामा नये. उरलेल्या पैशांना खेळते भांडवल समजा आणि त्याला दुसऱ्या कशासाठीही हात लावू नका, कारण व्हायनल, सनबोर्ड (हलका फोमचा बोर्ड) आणि एसीपी विकणारे व्यापारी नव्या माणसाला उधारी देत नाहीत, गिऱ्हाईक मात्र उरलेले पैसे पाटी लागल्यावरच देते. अनेक छोटे व्यवसाय या मधल्या काळात मोडतात. काम हाताशी असते, पण माल आणायला पैसे नसतात.

सॉफ्टवेअरवर लगेच खर्च करू नका. इंकस्केप हे आकृत्या व अक्षरे आखण्याचे सॉफ्टवेअर मोफत आहे, युनिकोड (सगळ्या संगणकांवर सारखी चालणारी अक्षरपद्धती) देवनागरी व्यवस्थित हाताळते आणि कापण्याच्या फाइली त्यात उत्तम होतात. चोरीच्या प्रतीवर व्यवसाय उभारण्यापेक्षा त्याची सवय करून घेणे कधीही चांगले.

काम कुठून येईल, हे तुम्ही विचारलेले नाही, पण खरा प्रश्न तोच आहे. दुकानांच्या पाट्या आहेतच. महाराष्ट्रात २०२२ च्या कायदादुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी नामफलक बंधनकारक झाला. मराठी मजकूर सुरुवातीला असावा आणि त्याची अक्षरे इतर भाषेतील अक्षरांपेक्षा लहान नसावीत, असा नियम आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हा अनेक दुकानदारांनी इंग्रजी पाटीच्या डोक्यावर फ्लेक्सची मराठी पट्टी डकवून वेळ मारून नेली. सिंहगड रस्त्याने एकदा पायी फिरा आणि उन्हाने विटलेल्या किंवा कडा सुटलेल्या अशा पट्ट्या वहीत टिपून घ्या. प्रत्येक नोंद म्हणजे एक संभाव्य गिऱ्हाईक आहे.

तरीही माझा अधिक भरवसा कारखान्यांच्या आणि सोसायट्यांच्या कामावर आहे. नऱ्हे-धायरी पट्ट्यातल्या छोट्या वर्कशॉपपासून भोसरी-चाकणपर्यंत प्रत्येक कारखान्याला सुरक्षाफलक लागतात. त्यांच्या रंगांचे आणि आकारांचे भारतीय मानक, आयएस ९४५७, ठरलेले आहे. मनाईसाठी लाल वर्तुळ व तिरकी रेघ, धोक्याच्या सूचनेसाठी पिवळा त्रिकोण, हेल्मेट-चष्मा घालण्यासारख्या बंधनकारक गोष्टींसाठी निळे वर्तुळ आणि बाहेर पडण्याची वाट व प्रथमोपचार यांसाठी हिरवा रंग वापरतात. हे फलक आकाराने लहान असतात, सनबोर्डवर किंवा एसीपीवर होतात, तुमच्या १० बाय १२ च्या खोलीत आरामात बनतात आणि एका कारखान्याला एकदम तीस-चाळीस लागतात. कामगारांना वाचता येईल असा शुद्ध मराठी मजकूर घालून वीस फलकांचा एक नमुना संच तयार करा आणि तो घेऊन फिरा. नुसत्या व्हिजिटिंग कार्डापेक्षा हा संच जास्त बोलतो. सोसायट्यांत पार्किंगचे क्रमांक, मजल्यांचे आकडे, मीटर रूम, पाण्याच्या टाक्या आणि सदनिकाधारकांच्या नावांचा फलक अशी कामे असतात. तिथे सचिव बदलले तरी फलक करणारा सहसा बदलत नाही.

नोंदण्यांचे फारसे कठीण नाही. दहापेक्षा कमी कामगार असतील तर दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ नुसार फक्त ऑनलाइन सूचना देऊन तिची पावती घ्यायची असते. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, आधारवर आणि पूर्णपणे मोफत होते. तिच्यासाठी पैसे मागणाऱ्या दलालाला काही देऊ नका. जीएसटी नोंदणीची मर्यादा सेवांसाठी २० लाख आणि मालासाठी ४० लाख रुपयांच्या वार्षिक उलाढालीची आहे. पाटी करून बसवून देण्यात दोन्ही मिसळलेले असल्यामुळे २० लाखांचाच आकडा धरून चला आणि तो जवळ येण्याआधी कर सल्लागाराला भेटा. कंपन्यांना मात्र जीएसटीचे बिल हवे असते, म्हणून त्यांचे काम वाढले की मर्यादेची वाट न पाहता नोंदणी करणे सोयीचे ठरते. कर्ज पुढे लागलेच तर मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत विनातारण मिळते; पण ते हातात ऑर्डर असताना माल घेण्यासाठी काढावे.

प्रश्न : मी घरून व्हायनलच्या नावपाट्या करते. इंग्रजी नावे छान कापली जातात, मराठी नावाचे मात्र प्लॉटरवर तुकडे होतात. शिवाय 'ऱ्य' असलेली आडनावे चुकीची येतात. दोष मशीनचा आहे का? — एक वाचक, चिंचवड

उत्तर : मशीन निर्दोष आहे. इंग्रजीत प्रत्येक अक्षर सुटे असते, तर आपल्या लिपीत प्रत्येक अक्षर आपल्या वाट्याची शिरोरेषा घेऊन येते आणि ती शेजारच्या अक्षराच्या शिरोरेषेवर थोडी चढते. पडद्यावर ते एकसंध दिसते. प्लॉटरचे पाते मात्र प्रत्येक अक्षराची कड इमानाने कापत जाते, त्यामुळे 'कदम' कापताना क आणि द यांच्या मध्ये, शिरोरेषेत एक बारीक चौकोनी तुकडा सुटा होतो आणि नको असलेले व्हायनल सुईने उचलताना तो निघून येतो. काना, मात्रा, वेलांटी जिथे दांड्याला टेकते तिथेही हेच घडते. यावर उपाय असा की, मजकुराचे आधी आकृतीत रूपांतर करावे, मग सगळी अक्षरे निवडून वेल्ड करावीत, म्हणजे जोडून एकच आकृती करावी (इंकस्केपमध्ये यालाच युनियन म्हणतात), आणि त्यानंतर केवळ बाह्यरेषा दिसतील अशा दृश्यात जाऊन शिरोरेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग आहे ना, हे डोळ्यांनी तपासावे. अनुस्वार सुटाच राहणार, म्हणून चिकटवेपर्यंत तो ॲप्लिकेशन टेपवर (कापलेली अक्षरे उचलून पाटीवर नेण्याच्या चिकटपट्टीवर) नीट आला आहे का हे बघण्याची सवय लावा. टिंबाविना गेलेली पाटी म्हणजे चुकलेले नावच.

'ऱ्य' चा दोष टंकलेखनातला आहे. 'र' ला पाय मोडून 'य' जोडला की 'आचार्य' मधला रफार येतो; 'सुऱ्या', 'दऱ्या', 'गोऱ्हे' यांत अर्धचंद्रासारखा र लागतो आणि त्यासाठी युनिकोडमध्ये 'ऱ' हे वेगळे अक्षर आहे. ते टाइप करून पाय मोडला की रूप बरोबर येते. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये प्रत्येक कंपनीची कळ निराळी असते आणि फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की मजकुराची अगम्य चिन्हे होतात, म्हणून नवे काम युनिकोडमध्येच करा. मुक्त आणि बलू हे फॉन्ट मोफत असून व्यावसायिक कामालाही चालतात.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण तुमच्या कामाला ती शोभा देईल. मराठीतला पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' हिंदीतल्या रूपांहून वेगळे आहेत, आणि राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने ते मानक ठरवले आहेत. अनेक फॉन्टमध्ये दोन्ही रूपे असतात, पण मजकुराची भाषा मराठी निवडल्याशिवाय मराठी रूप दिसत नाही. एखाद्या आजींच्या दाराला 'लीला' लिहिलेली पाटी लावायची असेल, तर त्या लहानपणी पाटीवर जो ल गिरवायला शिकल्या तोच तिथे असावा, याबद्दल माझा आग्रह आहे.

प्रश्न : चौरस फुटाचा दर सांगितला की तोटा होतो आणि उरलेले पैसे मिळत नाहीत. भाव कसा काढावा? — एक वाचक, हडपसर

उत्तर : चौरस फुटाचा दर फक्त छपाईला लावा, पाटीला लावू नका. एसीपीची शीट ८ बाय ४ फुटांची, म्हणजे ३२ चौरस फुटांची असते. गिऱ्हाईकाची पाटी ८ बाय ३ ची असली तरी तुम्हाला पूर्ण शीट विकत घ्यावी लागते. २४ फुटांचे पैसे मागितले तर उरलेली ८ बाय १ ची पट्टी तुमच्या खिशातून जाते. म्हणून भाव धरताना शीट पूर्ण धरा. ती पट्टी मात्र फेकू नका, तिच्यातून १२ बाय ६ इंचांच्या सोळा नावपाट्या निघतात आणि तो खरा नफा असतो. मालाच्या किमतीत डिझाइनचे तास, जागेवर माप घ्यायला केलेली फेरी, टेम्पो, फिटिंगच्या दोन माणसांची दिवसाची मजुरी आणि वाया जाणारा माल हे सगळे कागदावर लिहून मिळवा, आणि मग स्वतःचा नफा धरा. स्वतःची मजुरी म्हणजे नफा नव्हे. ती वेगळी लिहा.

डिझाइनवर गिऱ्हाईकाची सही किंवा व्हॉट्सॲपवर लेखी मंजुरी घेतल्याशिवाय माल कापू नका, आणि निम्मे पैसे आगाऊ घेतल्याशिवाय मालही आणू नका. नावातली वेलांटी चुकली तर भुर्दंड कोणाचा, याचा वाद त्या एका संदेशाने मिटतो. कंपन्यांच्या थकबाकीसाठी उद्यम नोंदणी उपयोगी पडते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे देणे खरेदीदाराला बंधनकारक आहे. बिलावर उद्यम क्रमांक ठळकपणे छापा.

प्रश्न : दिव्याच्या पाट्यांचे आणि मोठ्या होर्डिंगचे काम लगेच घ्यावे का? — एक वाचक, कोथरूड

उत्तर : दिव्याच्या पाट्यांचे घ्या, होर्डिंगचे घेऊ नका.

एलईडी मॉड्यूल (पाटीत बसवायचे छोटे दिवे) आणि त्यांना वीज पुरवणारे एसएमपीएस पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत मिळतात. १.२ वॅटची ६० मॉड्यूल असतील तर भार ७२ वॅट होतो. पण ७२ ला ७५ चा एसएमपीएस लावला तर तो तापून वर्षाच्या आत जातो. भार क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या आत ठेवा, म्हणजे इथे १०० वॅटचा घ्या. लांब माळेला एकाच टोकाने वीज दिली तर दुसरे टोक मंद दिसते, तेव्हा दोन्ही बाजूंनी द्या. पावसात भिजणार नाही असाच एसएमपीएस निवडा, आणि भिंतीतली जोडणी परवानाधारक वायरमनकडून अर्थिंगसह करून घ्या.

होर्डिंगच्या सांगाड्याला अभियंत्याचे गणित आणि पालिकेच्या आकाशचिन्ह व परवाना विभागाची परवानगी लागते. एप्रिल २०२३ मध्ये किवळे येथे वादळी पावसात होर्डिंग कोसळून त्याखाली आडोशाला थांबलेल्या पाच जणांचा जीव गेला. हे काम लहान भांडवलावर आणि अंदाजाने करण्याचे नव्हे.

लहान पाटीबाबतही हीच काळजी हवी. सुरुवातीच्या वर्षांत मी एका दुकानाची आठ फुटी पाटी बसवली, तेव्हा स्क्रू पकडून ठेवणारे भिंतीतले प्लग विटेपर्यंत न जाता नुसत्या गिलाव्यात राहिले होते. मे महिन्यातल्या वळवाच्या वाऱ्याने एक कोपरा सुटला आणि पाटी रस्त्यावर लोंबू लागली. खाली रिक्षाचा थांबा होता. सुदैवाने कोणालाही लागले नाही, पण ते दृश्य आजही डोळ्यांसमोरून जात नाही. बाहेरचा गिलावा साधारण २० मिलिमीटर जाड असतो; त्यापलीकडे विटेत किंवा काँक्रीटमध्ये किमान ५० मिलिमीटर जाईल एवढा लांब प्लग वापरा, आणि ड्रिलमधून येणारी भुकटी लाल होते का ते पाहा, म्हणजे वीट लागल्याचे कळते. बसवलेल्या प्रत्येक पाटीचा पत्ता वहीत ठेवा आणि दरवर्षी मे महिन्याच्या आत एकदा शिडी लावून तिचे स्क्रू आवळून या. या फेरीचे पैसे घेऊ नका.